मुळावर

२०२२ च्या जूनमध्ये मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका रानफुलाचा फोटो टाकला. विस्कॉन्सिनमधल्या एका ओलसर प्रेअरीत, म्हणजे गवताळ माळावर, काढलेला. गवतातून वर आलेले सरळ देठ आणि टोकाला लाल रंग, कुणीतरी कुंचला शेंदरात बुडवून जमिनीत उभा खोचावा तसा. इकडे त्याला स्कार्लेट पेंटब्रश म्हणतात. जुनं नाव इंडियन पेंटब्रश. मी खाली लिहिलं, ‘इकडचं रानफूल. भारी आहे ना?’

आईचा अंगठा आला. अण्णांचे जोडलेले हात आले. अण्णा सगळ्यालाच हात जोडतात. अर्ध्या तासानं दादाचा मेसेज आला, ‘टारफुला हाय ह्यो.’

मी हसण्याचा इमोजी टाकला. कुठे आमच्या ज्वारीतला टारफुला आणि कुठे हे. दादानं परत लिहिलं, ‘शेजारचं गवत बघ. आखडलंय.’

मी फोटो मोठा करून पाहिला. फुलांच्या भोवतीचं गवत खरंच बाकीच्यापेक्षा खुजं होतं. त्या माळावर मी पाऊण तास उभा होतो, चाळीसेक फोटो काढले होते, आणि गवताकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

*

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कवठेमहांकाळ तालुक्यात. म्हैसाळ योजनेचं पाणी रानात येण्याआधी आमच्याकडे मुरमाड जमीन, पाऊस आला तर आला, आणि खरिपाची ज्वारी. टारफुल्याला असलीच कस नसलेली रानं आवडतात. आधी ज्वारीचं एखादं ताट मान टाकतं. जमिनीत ओल असते, तरी ते तहानल्यासारखं दिसतं. आजी म्हणायची, नजर लागली. इंग्रजीतही टारफुल्याला चेटकिणीचं तण अशा अर्थाचंच नाव आहे, विचवीड. मग काही दिवसांनी त्या ताटाच्या बुडाशी बोटभर हिरवं रोप दिसतं, त्याला चिमुकली पांढरी फुलं. तोवर उशीर झालेला असतो, कारण वर दिसायच्या आधी कितीतरी आठवडे ते खाली मुळाला चिकटून बसलेलं असतं.

आम्ही दोघं भाऊ शाळेतून आलो की टारफुला उपटायला जायचो. फूल यायच्या आत उपटायचा, बांधावर टाकायचा नाही, जाळायचा. एका रोपाला हजारो बिया, धुळीसारख्या, आणि जमिनीत पडल्या की वर्षानुवर्षं जिवंत राहतात. मी कंटाळून सावलीला बसायचो. दादा नुसतं ताटाकडे बघून सांगायचा, ‘ह्याच्या बुडात हाय.’ वर काही दिसत नसायचं. आठ दिवसांनी तिथेच टारफुला यायचा.

म्हणून त्या रात्री मी शोधाशोध केली. दादा बरोबर होता. टारफुला म्हणजे स्ट्रायगा, पेंटब्रश म्हणजे कॅस्टिलेया, आणि दोघं एकाच कुळातले, ओरोबँकेसी. तंबाखूच्या मुळांवर येणारा बंबाखूही त्याच कुळातला. बंबाखूला हिरवं पानच नसतं, तो सगळं दुसऱ्याचं खातो. टारफुला आणि पेंटब्रश अर्धे परजीवी. पानं हिरवी, उन्हात स्वतःचं अन्न बनवतात, पण जमिनीखाली मूळ शेजाऱ्याच्या मुळाला जाऊन भिडतं, तिथे एक गाठ धरतं, आणि त्या गाठीतून पाणी आणि क्षार ओढून घेतं. पाणी आपल्याकडे वाहत राहावं म्हणून ही झाडं पानांमधून सढळ हातानं वाफ सोडतात. शेजारी पाणी जपून वापरत असतो, हा उधळत असतो. नळ शेजाऱ्याचा.

ज्या लाल रंगाचे मी चाळीस फोटो काढले होते, ते फूलही नव्हतं. ती रंगलेली पानं. खरं फूल त्यांच्या आत, पोपटी-पिवळी बारीक नळी, मुद्दाम शोधल्याशिवाय न दिसणारी.

आणखी एक गोष्ट सापडली. १९५६ साली उत्तर कॅरोलायनात मक्याची शेतं खुजी राहत होती आणि कारण कळत नव्हतं. शेतात एक लाल फुलाचं तण होतं, पण ते ओळखीचं नव्हतं. ते ओळखलं भारतातून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्यानं. तो टारफुला होता, आमच्याकडचा पांढरा, तिथे लाल. तो पुढे दोन्ही कॅरोलायनांत मिळून चार लाखांहून अधिक एकरांवर सापडला. तो उखडण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्यानं पुढची कित्येक दशकं घालवली. त्यातला एक उपाय माझ्या डोक्यात बसला. जमिनीत इथिलीन वायू सोडायचा, ज्यानं फळं पिकतात तोच. टारफुल्याच्या बियांना वाटतं यजमानाचं मूळ जवळ आलं, त्या उगवतात, आणि जवळ कुणीच नसल्यानं मरतात.

तो विद्यार्थी कुठल्या गावचा होता कोण जाणे. पण त्यानंही लहानपणी कुठल्या तरी रानात बसून टारफुला उपटला असणार असं मला वाटत राहिलं. मीही भारतातून शिकायला आलेला विद्यार्थीच होतो. माझ्याऐवजी दादा आला असता तर त्यानं ओळखला असता.

*

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. सांगलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा अण्णांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. रान बघायला कुणीतरी हवं होतं. त्याच वर्षी माझा इंजिनिअरिंगला नंबर लागला. घरात चर्चा अशी झालीच नाही. एके दिवशी दादाची पुस्तकांची पेटी गावी आली आणि माझी पेटी गावातून गेली. पुढे २०१९ मध्ये मी एमएसला अमेरिकेत आलो, तेव्हा विहिरीजवळचा एकर विकला आणि वर बँकेचं कर्ज काढलं. कर्ज मी नोकरी लागल्यावर वर्षभरात फेडलं. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की हिशेब मिटला.

२०२२ च्या दिवाळीनंतर दादाचा फोन आला. द्राक्षबाग लावायची होती, मंडप, ठिबक, रोपं मिळून आठ लाख कमी पडत होते. तेव्हा आयटीत रोज नोकरकपातीच्या बातम्या येत होत्या. मी म्हणालो, बघतो, दोन-तीन महिने थांब. कारण खरं होतं. पण मी बोललो त्यात मॅनेजरचा सूर होता, तो मलाही ऐकू आला.

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘तुझं शिक्षण माझ्या मुळावर आलं, आन् तू मला थांब म्हणतोस.’

फोन ठेवला. पुढचे आठ महिने आम्ही बोललो नाही.

*

त्या डिसेंबरात मी पेंटब्रशचं बी मागवलं. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. वीकेंड मोकळे होते आणि घरी फोन करायचं टाळत होतो, एवढं खरं.

हे झाड माळावरून उपटून आणता येत नाही. उपटलं की शेजाऱ्याच्या मुळाशी असलेला सांधा तुटतो आणि ते मरतं. बीच लावावं लागतं. बी म्हणजे पाकिटाच्या तळाशी चिमूटभर तपकिरी पूड. त्याला आधी ओलसर थंडी लागते, हिवाळा होऊन गेल्याची खात्री पटल्याशिवाय ते उगवत नाही. मी ओल्या वाळूत मिसळून झिपलॉकच्या पिशवीत घातलं आणि फ्रिजमध्ये दह्याच्या डब्यामागे दोन महिने ठेवलं. मग उत्तम कंपोस्ट भरलेली कुंडी, दक्षिणेची खिडकी, वर ग्रो लाइट. बी पसरून टाकलं, मातीनं झाकलं नाही, कारण त्याला उजेड लागतो. एप्रिलमध्ये टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी रोपं उगवली. मोजली, एकसष्ट.

टारफुल्याचं बी यापेक्षा सावध असतं. ज्वारीचं मूळ जमिनीत काही रसायनं सोडतं. ती मुळात मदतनीस बुरशीला बोलावण्यासाठी असतात. बुरशी मुळाशी राहते आणि जमिनीतला स्फुरद आणून देते. टारफुल्याचं बी हीच हाक चोरून ऐकतं आणि त्यानंतरच उगवतं. यातलं पहिलं रसायन १९६६ मध्ये सापडलं. त्याचं नाव टारफुल्यावरूनच पडलं, स्ट्रायगॉल. पण झाडाला त्याचा स्वतःचा उपयोग काय, हे कळायला २००५ उजाडलं. पेंटब्रशला अशी हाक लागत नाही. थंडी झाली की तो एकटाच उगवतो आणि मग आसपास कुणी आहे का ते चाचपतो.

माझ्या कुंडीत कुणी नव्हतं. मे महिनाभर रोपं तेवढीच राहिली. जूनमध्ये पिवळी पडली. मी खत दिलं, तशी लवकर मेली. जूनअखेर कुंडीत नुसती माती होती, उत्तम प्रतीची.

जुलैमध्ये आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. तिनं विचारलं, ‘तुझं ते फूल आलं का रे?’ मी म्हणालो, मेलं सगळं. कारण नाही कळलं. कुंडी चांगली होती, माती चांगली होती.

मागून दादाचा आवाज आला. माझ्याशी नाही, आईशी बोलत होता. ‘त्याला म्हणावं, आधी गवत लाव. चंदनाला शेजारी तूर लागती ती म्हाईत न्हाई व्हय?’

आईनं मला तेच परत सांगितलं, जणू मला ऐकूच आलं नव्हतं. मीही आईलाच विचारलं, ‘चंदनाला तूर कशाला?’

‘मुळाला धरायला,’ मागून उत्तर आलं.

आमच्या तालुक्यात दोघातिघांनी चंदन लावलंय, दादा ते बघून आला होता. चंदनाचं झाडही शेजाऱ्यांच्या मुळांतून पाणी आणि क्षार घेतं, म्हणून रोपाच्या बाजूला तूर टोकतात आणि पुढे मोठी झाडं. हे मला तोवर माहीत नव्हतं. आपण बांडगूळ म्हणून शिवी देतो आणि चंदनासारखं झिजावं असं शाळेच्या भिंतीवर लिहितो. दोघंही दुसऱ्याच्या जिवावर उभे. एक फांदीवर, म्हणून दिसतो. दुसरा जमिनीखाली, म्हणून देवाच्या कपाळाला लागतो.

*

मी भाड्यानं राहतो ते घर मॅडिसनमध्ये आहे. मागे छोटं अंगण, कुंपणाला लागून वाळूमिश्रित मातीची एक पट्टी. घरमालकीण निवृत्त शिक्षिका, शेजारच्याच भागात राहते. हिरवळ खणायची नाही, पट्टीत काय हवं ते लाव, म्हणाली. मी फुलाचं नाव सांगितलं तेव्हा ती थोडी अवघडली आणि म्हणाली, आम्ही आता नुसतं पेंटब्रश म्हणतो. त्या नावातला इंडियन मी नव्हे, हे तिला सांगायचं होतं. मॅडिसनची ही सगळी तळी आणि टेकड्या हो-चंक लोकांच्या. १८३२ च्या करारानं हा प्रदेश त्यांना सोडायला लावला. प्रेअरी त्यानंतर नांगराखाली गेली. विस्कॉन्सिनमधली मूळ प्रेअरी आज एक टक्काही उरलेली नाही. इथल्या विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये १९३० च्या दशकात जुनी शेतजमीन परत प्रेअरी करायला घेतली, ती कर्टिस प्रेअरी अजून आहे. मी तिथे फिरायला जातो. इथे कोण कुणाच्या मुळावर उभं आहे हा प्रश्न माझ्यापुरता नाही, हे तिथे गेलं की कळतं.

त्या ऑगस्टमध्ये मी लिटल ब्लूस्टेमची बारा रोपं आणली. झुबक्यांनी वाढणारं, बारीक निळसर पातीचं गवत, थंडी पडली की विटकरी होतं. पेंटब्रशला यजमान म्हणून चालतं. यजमान हा शास्त्राच्या मराठीतला शब्द, परजीवी ज्याचं खातो त्याच्यासाठी. इतका सभ्य शब्द की त्यात पाहुण्याला बोलावलं होतं असं वाटतं.

नोव्हेंबरमध्ये, बर्फ पडायच्या आधी, बारापैकी आठ झुबक्यांच्या बुडाशी सुरीनं बोटाच्या पेराएवढी चीर पाडली. मुळांना सुरी लागल्याचं हाताला कळत होतं. बी कोरड्या वाळूत मिसळून चिरेत भुरभुरलं आणि हलकं दाबलं. चार झुबके तसेच ठेवले, तुलनेला. इंजिनिअरची खोड. मग बर्फ पडलं आणि चार महिने काही करायचं उरलं नाही.

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, मी दादाला पैसे पाठवले. पाच लाख, मग मार्चमध्ये तीन. तोवर त्यानं पतसंस्थेचं कर्ज काढून बाग लावली होती, म्हणजे माझे पैसे उशिराचे होते. दोन्ही वेळा त्याचा एकच शब्द आला, ‘आले.’ मला आणखी काहीतरी अपेक्षित होतं. काय, ते मी स्वतःला विचारलं तेव्हा लाज वाटली. मला पावती हवी होती, हिशेब मिटल्याची.

*

२०२४ च्या मेमध्ये आठांपैकी पाच झुबक्यांत रोपं दिसली. या वेळी ती थांबली नाहीत. जूनपर्यंत नखाएवढी, ऑगस्टपर्यंत जमिनीसरशी पानांची चकती, चहाच्या बशीहून लहान. पहिल्या वर्षी हे झाड तेवढंच करतं. वर काही दाखवत नाही. दोन चकत्या उन्हाळ्यात वाळल्या, एक सशानं खाल्ली. हिवाळ्यात जाताना दोन उरल्या.

त्या वर्षी मी बरंच वाचलं. टेक्सासमधल्या एका पेंटब्रशवर प्रयोग झालाय. तो ल्युपिनच्या मुळांवर वाढला तर ल्युपिनमधली कडू द्रव्यं त्याच्या अंगात येतात, आणि मग किडी त्याला कमी खातात. यजमानाकडून नुसतं पाणीच येत नाही. युरोपात गवताळ कुरणं परत फुलवायला यांचाच एक भाऊबंद, यलो रॅटल, मुद्दाम पेरतात. तो दांडग्या गवताचा जोर कमी करतो, मग मधल्या जागेत बाकीची फुलं येतात. म्हणजे परजीवी वाईटच असं नाही. हे वाचून मला बरं वाटलं, आणि बरं का वाटलं तेही कळलं. मी स्वतःसाठी वकील शोधत होतो. पण कुरणातल्या दांडग्या गवताचं उदाहरण आमच्या घराला लागू नव्हतं. आमच्याकडे माझ्या शेजारी कुणी दांडगं नव्हतं. मुरमाड रानातलं एक ताट होतं.

२०२५ च्या मेअखेर चकतीतून देठ वर आला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टोकं लाल झाली. दोन झाडं, मिळून पाच देठ. रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड, आपल्या शिंजिरापेक्षाही छोटा, पहिल्यांदा आमच्या पट्टीत आला आणि त्या पोपटी नळ्यांत चोच घालून गेला. घरमालकीण फोटो काढायला मैत्रिणीला घेऊन आली. मी सकाळच्या मीटिंगा अंगणात बसून घेतल्या.

फोटो ग्रुपवर टाकला. तीन वर्षांपूर्वी टाकला तसाच. आईचा अंगठा आला, अण्णांचे हात आले. मी वाट बघत राहिलो. आमच्याकडे दुपार आणि गावाकडे रात्र, दादा बहुतेक जेवून मोबाईल घेऊन बसला असेल.

त्याचा मेसेज आला, ‘गवत कसं हाय?’

मी उठून पट्टीशी गेलो. खाली बसलो. तुलनेचे चार झुबके दोन वीत भरले, हातानं मोजले. पेंटब्रश धरलेले दोन झुबके दीड वीतही नव्हते. पाती बारीक, टोकाला थोडी वाळलेली. बुडात हात घालून पाहिलं, आत नवे कोंब होते, हिरवे. दोन वर्षं मी दर रविवारी या पट्टीत येत होतो. रोपं मोजत होतो, चकत्यांचे फोटो काढत होतो, फोनमध्ये तारखांसकट नोंदी होत्या. गवताची एकही नोंद नव्हती. तुलनेला चार झुबके ठेवले होते आणि तुलना केलीच नव्हती.

मी त्या दोन झुबक्यांचा फोटो काढला, फूल चौकटीबाहेर ठेवून, आणि ग्रुपवर न टाकता दादाला पाठवला. खाली लिहिलं, ‘आखडलंय. पण खाली कोंब आहेत.’

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं, ‘जगतंय. पाणी तोडू नगं.’

जुलैच्या शेवटी दोन्ही पेंटब्रश बी धरून वाळले. त्यांचं आयुष्य एवढंच असतं, दोन वर्षांचं. बी मी कागदी पाकिटात भरून ठेवलं आहे, अजून पेरलेलं नाही. गवत तिथेच आहे. सप्टेंबरमध्ये बाराही झुबक्यांना तुरे आले, त्या दोघांना जरा उशिरा आणि विरळ. रविवारी मी पाइप घेऊन आधी त्यांच्याकडे जातो. मग दादाला फोन लावतो. बागेची छाटणी चालू आहे, तो फार बोलत नाही, पण उचलतो.